हरण्याची ऐपत

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात तीन दिवस भांडण चाललं होतं. विषय माझा भाचा. अकरावीत आहे, टेबल टेनिस चांगलं खेळतो, शालेय स्पर्धांत राज्यापर्यंत जाऊन आलाय. क्लासवाल्यांनी सांगितलं, दोन वर्षं बॅट कपाटात ठेवा. ताई तयार, भाचा रुसलेला. तेवढ्यात कोणीतरी बातमी टाकली की आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी जागा काढल्या आहेत. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन वाढीव, त्यातली एक मुलींसाठी. झालं. भाऊजी म्हणाले, मग खेळू दे की त्याला. दादा म्हणाला, आता आयआयटीतही खेळाची सर्टिफिकेटं चालणार, म्हणजे संपलंच. (जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव यावंच लागतं आणि वर राष्ट्रीय पातळीवरचं पदक लागतं, हे दोघांनीही वाचलेलं नव्हतं.) शेवटी ताईने मला मध्ये ओढलं : "तू एवढी वर्षं तिकडे आहेस, तिकडे खेळाला किती मान असतो ते सांग बरं यांना."

आता 'तिकडे' म्हणजे कुठे, हा प्रश्न आहे. मी राहतो पासाडेनाच्या शेजारी. लॉस एंजेलिसच्या या भागात विद्यापीठाचा खेळ म्हणजे आधी फुटबॉल. आपला नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो. त्याचे प्रशिक्षक विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा जास्त पगार घेतात. २०२५च्या जूनमध्ये कोर्टाने एका तडजोडीला मंजुरी दिली, तेव्हापासून मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ताईला अभिप्रेत असलेला मान बहुधा हाच. पण माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर दुसरंच एक 'तिकडे' आहे आणि मला त्याच्याबद्दल लिहायचंय, कारण भाचा ज्या तऱ्हेच्या मुलांत मोडतो ती मुलं तिथे शिकतात.

कॅल्टेक. म्हणजे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. नोबेलवाले भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन जिथे शिकवायचे ते. मंगळावर गाड्या उतरवणारी जेपीएल ही प्रयोगशाळा नासासाठी तेच चालवतात. पदवीचे विद्यार्थी मात्र सगळे मिळून हजाराच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त असतात. एवढ्यातूनच पोहणं, धावणं, टेनिस, बास्केटबॉल, बेसबॉल, वॉटर पोलो असे सगळे संघ उभे करायचे. हे एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संघटनेच्या, तिसऱ्या श्रेणीत खेळतात. त्या श्रेणीत चारशेच्या वर संस्था आहेत आणि खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा तिथला नियम आहे. प्रवेशाचे निकषही कॅल्टेक खेळाडूसाठी सैल करत नाही. त्यामुळे एक काळ असा होता की बास्केटबॉलच्या संघात शाळेत पहिले आलेले जास्त आणि शाळेच्या संघातून खेळलेले कमी.

निकाल काय लागायचा ते सांगायला नको. तरी सांगतो. आपल्या गटातला (म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या साखळीतला) एक सामना या संघाने १९८५ मध्ये जिंकला आणि त्यानंतर गटातले सलग ३१० सामने हरला. तीनशे दहा! २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध (ओबामा सुरुवातीची दोन वर्षं जिथे शिकले, ते) हंगामातला शेवटचा सामना होता. ४५-४५ अशी बरोबरी, तीन-साडेतीन सेकंद उरलेले, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने फ्री थ्रो टाकला. ४६-४५. पोरं मैदानात धावली. त्या संघातल्या एकाचाही जन्म १९८५ मध्ये झालेला नव्हता. बेसबॉलवाल्यांना आणखी दोन वर्षं थांबावं लागलं. २०१३च्या फेब्रुवारीत ते ९-७ असे जिंकले तेव्हा त्यांची २२८ पराभवांची रांग तुटली.

फुटबॉलची कथा तर आणखी वेगळी. पासाडेनाचं रोझ बोल हे प्रचंड स्टेडियम गावातच असल्यामुळे कॅल्टेकचा संघ कित्येक वर्षं आपले घरचे सामने तिथे खेळायचा. लाखभर माणसांची जागा आणि बघायला मूठभर टाळकी. १९९३ मध्ये तो संघच बंद झाला. पण त्याच स्टेडियमात कॅल्टेकने दोनदा खरा पराक्रम केला, दोन्ही वेळा न खेळता. १९६१च्या रोझ बोल सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रेक्षक मध्यंतराला रंगीत कार्डं उचलून अक्षरं काढणार होते. कॅल्टेकच्या पोरांनी आधीच त्यांच्या सूचनापत्रिका बदलून ठेवल्या आणि देशभर टीव्हीवर अक्षरं उमटली ती 'कॅल्टेक' अशी. १९८४ मध्ये त्यांनी धावफलकच ताब्यात घेतला. मैदानात खेळत होते यूसीएलए आणि इलिनॉय, फलकावर दिसत होतं कॅल्टेक ३८, एमआयटी ९.

ही मुलं हरायला लाजत नव्हती, हे मला आधी फार मोठं वाटलं. का, ते सांगतो.

मी रावेर तालुक्यातला. दहावीत शाळेच्या खो-खो संघात बारावा होतो. बारा जणांची यादी द्यायची, नऊ मैदानात उतरायचे, उरलेल्या तिघांतला शेवटचा मी. खांबाशी वळताना माझा तोल जायचा आणि खो देताना आवाज फुटायचा नाही. तालुक्याच्या वर मी कुठे खेळलो नाही. वर्षाअखेरीस खेळाच्या सरांनी बोलावलं आणि एक प्रमाणपत्र हातात दिलं. त्यावर वरच्या पातळीच्या स्पर्धेचं नाव होतं. "असू दे, लागलं तर मार्क मिळतील," म्हणाले. मला ते मार्क लागले नाहीत, पण प्रमाणपत्र मी परत केलं नाही. प्लास्टिकच्या फाइलीत घालून ठेवलं. अजून असेल. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं मी इथे बसून वाचतो तेव्हा दादासारखा तावातावाने बोलायला माझी जीभ जरा अडखळते ती यामुळे.

आणि हे काही आपल्याच मातीत उगवतं असं नाही. २०१९च्या मार्चमध्ये एफबीआयच्या तपासातून इथे पन्नास जणांवर गुन्हे दाखल झाले. श्रीमंत आईबाप, मधला दलाल, नामांकित विद्यापीठांचे प्रशिक्षक. कधी वल्हं न धरलेल्या पोरी नौकानयनपटू झाल्या होत्या. दुसऱ्याच खेळाडूच्या धडावर आपल्या पोराचं डोकं चिकटवलेले फोटो अर्जाला जोडले होते. आमच्या सरांनी शिक्का तरी खरा वापरला होता. जिथे खेळाच्या खिडकीतून जागा मिळते तिथे खिडकीशी रांग लागते, आणि रांग लागली की दलाल येतो. मग ती खिडकी मंत्रालयातली असो की कॅलिफोर्नियातली.

कॅल्टेकमध्ये ही खिडकीच नव्हती. म्हणून तिथे खोटा खेळाडू सापडत नाही. ३१० सामने हरणाऱ्या संघात खोटं नाव घालून कोणाला काय मिळणार? २०१२ मध्ये एनसीएएने त्यांना शिक्षा केली तीसुद्धा कशासाठी, तर तिथे पहिले तीन आठवडे मुलं वेगवेगळ्या वर्गांत बसून बघतात आणि मग विषय नक्की करतात. त्या काळात कागदावर ती पूर्णवेळ विद्यार्थी ठरत नव्हती आणि तरी सामने खेळत होती. चूक संस्थेने आपणहून कळवली होती. तरी दंड झाला, आणि त्या खेळाडूंच्या जोरावर जिंकलेले सामने रद्द झाले. जिंकलेले!

दोन वर्षांपूर्वी थंडीत मी तिथे एक बास्केटबॉल सामना बघायला गेलो. दाराशी तिकीट नव्हतं, कोणी विचारलंही नाही. पाहुण्या संघाचे आईबाप घरच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त होते. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, घरून उशी घेऊन आलेले. लाकडी बाकावर दोन तास बसायचं म्हणजे उशी हवीच, हे त्यांना अनुभवाने माहीत. कॅल्टेक पंधराएक गुणांनी मागे होतं. एका मुलाचा फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर गेला. त्याने दुसरा टाकण्याआधी मनगट दोनदा हवेतच फिरवून पाहिलं, अगदी वर्कशॉपात माप पुन्हा घेतात तसं, आणि दुसराही बाहेर गेला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मला खो-खोच्या खांबापाशी घसरलेला मी आठवलो. माझ्यासाठी त्या वर्षात कोणी टाळी वाजवली नव्हती, आणि ठीक आहे, वाजवण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

त्या रात्री घरी येताना मी पार भारावून गेलो होतो. ग्रुपवर तेव्हाच लिहिलं असतं तर भाऊजींना असा काही उपदेश केला असता की विचारू नका. नंतर हळूहळू उतरलं.

एक तर त्या पराभवांत सगळं उदात्त नव्हतं. बरीचशी हेळसांडही होती. २००२ मध्ये आलेल्या प्रशिक्षकाने अभ्यासातही तयार आणि हाताने चेंडूही खेळवता येईल अशी पोरं शोधायला सुरुवात केली, तेव्हा कुठे नऊ वर्षांनी तो एक गुण मिळाला. म्हणजे निकष न सोडताही हे करता येत होतं. आधी कोणी मनावर घेतलं नव्हतं, एवढंच.

आणि दुसरं म्हणजे ऐपत. कॅल्टेकच्या मुलाला हरणं परवडतं. सामना ४० गुणांनी हरला तरी सोमवारी तो कॅल्टेकचाच असतो. मी गावी जातो तेव्हा पहाटे साडेपाचला रावेरच्या रस्त्यावर पोरं धावताना दिसतात, अनवाणी सुद्धा. पोलीस भरतीचे १६०० मीटर. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की खेळातून काही मिळवायचं नसतं? खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं असं सांगतात. ब्राँझ घेऊन आल्यावर तीन वर्षांनी खाशाबांना मिळाली ती पोलिसातली नोकरी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. बीडचा धावपटू अविनाश साबळे सैन्यात. अमेरिकेचे ऑलिंपिक खेळाडू विद्यापीठांत घडतात. आपले रेल्वे, सैन्य आणि पोलिसांच्या पगारावर. ही खिडकी बंद केली तर बोगस प्रमाणपत्रवाले जातील, आणि त्यांच्याबरोबर साबळेही जाईल.

म्हणून दादाचं मला पटत नाही. आणि भाऊजींचंही नाही, कारण त्यांच्या हिशेबात भाच्याने खेळायचं ते त्या दोन जागांसाठी. उद्या राष्ट्रीय पदक आलं नाही, की बॅट पुन्हा कपाटात. आपल्याकडे एकतर पदकवाला खेळतो, नाहीतर कोणी खेळत नाही. मधल्यांना मैदान नाही. कॅल्टेकमध्ये शारीरिक शिक्षणाचे ठरावीक तास भरल्याशिवाय पदवीच मिळत नाही, मग तुम्ही कितीही मोठे भौतिकशास्त्रज्ञ होणार असा. आपल्या अकरावी-बारावीत 'इंटिग्रेटेड' नावाखाली कॉलेजच क्लासमध्ये भरतं, मैदान असलंच तर तिथे पालकांच्या गाड्या लागतात.

यावरून एक आठवलं, केळीवाल्या घरचा असल्यामुळे सांगतोच. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फोल्के स्कूग नावाचा एक मुलगा स्वीडनतर्फे १५०० मीटर धावला. शिकत होता कॅल्टेकमध्ये, आणि त्याच वर्षी पदवीधर झाला. पुढे तो वनस्पतिशास्त्रज्ञ झाला आणि १९६२ मध्ये त्याने मुराशिगे या आपल्या विद्यार्थ्याबरोबर ऊतीसंवर्धनाचं, म्हणजे टिश्यू कल्चरचं, जे पोषक माध्यम तयार केलं, ते 'एमएस मीडियम' म्हणून आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. जळगाव जिल्ह्यात टिश्यू कल्चरच्या केळीची जी रोपं लागतात त्यांच्या मुळाशी हेच नाव आहे. आमच्या शेतातल्या घडांचा त्या १५०० मीटरशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण त्याला कोणी दोन वर्षं बूट कपाटात ठेवायला सांगितलं नव्हतं, एवढं नक्की.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ताई म्हणाली असती, तुला विचारलं एक आणि तू सांगतोस भलतंच. मी फक्त लिहिलं : "रोज एक तास खेळू दे. त्या जागांचा हिशेब धरू नका." दादाने अंगठा दाखवला, भाऊजींनी काहीच नाही. भाच्याला मात्र वेगळा फोन करून ते ३१० सामन्यांचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"मामा, एवढं हरले तरी त्यांना टीममधून काढलं नाही?"

"काढून आणणार कोणाला? सगळेच तसले."

"मग बारावा कोण होता त्यांच्यात?" तो म्हणाला, आणि मला कळेना की ताईने त्याला माझं खो-खो कधी सांगितलं.