रातकिड्याला शिळा पाव पुरत नाही

"किडा म्हणजे किडा. त्याच्या खाण्यावर पैसे उडवू नका, कोंडा नि शिळा पाव पुरे. वर कॅल्शियमची पावडर भुरभुरली की झालं. घरातली पाल कुठे व्हिटॅमिनं खाते? पावसाळ्यात तर दिव्याखाली किडे फुकट मिळतात." सरडे पाळणाऱ्यांमध्ये हा मेसेज जोरात फिरतोय. आता तो फोंड्याला ताईकडे पोचला. भाच्याच्या बिअर्डेड ड्रॅगनसाठी, म्हणजे त्याच्या पाळीव सरड्यासाठी, ती रातकिडे सांभाळते, आणि तिने मला विचारलं, किड्यांचा गाजर-पाला बंद करू का? अजिबात नको.

'किडा म्हणजे किडा' हे सगळ्यांत घातक. रातकिड्याला हाडं नसतात आणि त्याचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं असतं, त्यामुळे अंगात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. मार्क फिंके यांनी २००२ साली 'झू बायॉलॉजी' या संशोधन-नियतकालिकात खाद्य-किड्यांचं पृथक्करण छापलं. त्यात मोठ्या रातकिड्यात किलोमागे कॅल्शियम सुमारे ०.४ ग्रॅम, तर फॉस्फरस जवळपास ३ ग्रॅम निघालं. म्हणजे एकास सात. सरड्याला हवं नेमकं उलट, कॅल्शियम जास्त नि फॉस्फरस कमी. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

किड्याचं अंग आपण बदलू शकत नाही, पण त्याच्या पोटात काय आहे ते आपल्या हातात असतं. सरडा किडा पोटासकट गिळतो. आता त्या पोटात कोंडा भरा. गव्हाच्या कोंड्यात १०० ग्रॅममागे फॉस्फरस सुमारे १००० मिलिग्रॅम, कॅल्शियम शंभराच्याही आत. म्हणजे मुळातच बिघडलेलं प्रमाण तुम्ही आणखी बिघडवताय! पाव म्हणजे तर नुसता मैदा, आणि आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी.

करायचं ते असं: कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं, ८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असलेलं बारीक खाद्य रातकिड्यांना द्या, ते सरड्याला घालण्याआधी एक-दोन दिवस. कायमचं नको, इतक्या कॅल्शियमवर रातकिडे फार तगत नाहीत. ओलाव्यासाठी गाजराचे काप, शेवग्याचा पाला. तांबडी भाजी टाळा, तिच्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

पावडर लागतेच, एवढं मान्य. पण रातकिडा मिश्या नि पाय चाटून स्वतःला साफ करतो. सरड्याने लगेच पकडला नाही, तर ती पावडर गेली.

पालीचं म्हणणं अर्धवट खरं आहे. ती खरंच कुणाच्या मदतीशिवाय जगते. पण ती पतंग, डास, झुरळं, कोळी असं मिळेल ते खाते, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पोटात वेगळं काहीतरी असतं. भाच्याचा ड्रॅगन एकाच डब्यातले रातकिडे खातो.

राहिले फुकटचे किडे. कुणाच्या बागेत काय फवारलंय कुणास ठाऊक, एवढ्यावरच ते बाद. त्यातून काजवे! अमेरिकेत पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन तिथले काजवे खाऊन मेल्याची नोंद आहे, आणि त्यासाठी मूठभर काजवे लागत नाहीत. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं काजव्यांनी भरतात. जात वेगळी असेल, तरी त्यातला एकही पिंजऱ्यात जाता कामा नये.