सोळा-आठ कुणाच्या कामाचं?

"वहिनी, सोळा-आठ करू काय?" मालवणात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न आता खोकल्याच्या औषधाच्या खालोखाल येतो. सोळा-आठ म्हणजे इंटरमिटंट फास्टिंगचा एक प्रकार: सोळा तास पोट रिकामं, उरलेल्या आठ तासांत काय ते खाणं. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, गुडघे धरलेल्या काकू असतात, आणि मुंबईहून चार दिवसांसाठी येऊन अख्ख्या घराला आहारशास्त्र शिकवून जाणारा एखादा चाकरमानी भाचाही असतो. मागे रांग असताना धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं मत असं. ज्याचं खाणं संध्याकाळी सातनंतर सुटतं, त्याला इंटरमिटंट फास्टिंग कुंपण म्हणून चांगलं आहे. त्यापलीकडे त्यात जादू नाही. आणि काही माणसांनी याच्या वाटेलाही जाऊ नये. गंमत म्हणजे नेमकी तीच माणसं सगळ्यात हिरिरीने सुरू करतात.

आपल्या महाराष्ट्रात ही कल्पना घरोघरी पोचली ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे, आणि त्यांच्या आधी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांमुळे. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा. आमच्या आळीत तेव्हा मोबाइलवर वेळ लावून जेवणारे होते, आणि चोपन्नाव्या मिनिटाला रव्याचा लाडू उचलणारेही होते. सोळा-आठ त्यानंतर इंटरनेटवरून आलं.

पहिल्या आठवड्यात काटा झपकन दोन किलो खाली येतो आणि माणूस प्रचारक होतो. तेव्हा गेलेलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी तो साठा उतरतो, त्याबरोबर पाणी जातं. चरबी जायला त्यानंतर सुरुवात होते, तीही एकूण खाणं कमी झालं असेल तरच.

हे मी मनाचं सांगत नाही. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ११६ माणसांवर १२ आठवडे प्रयोग केला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळेत खायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं तीन वेळा. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ०.६८ किलो. म्हणजे फरक पाव किलोचा, आणि तोही हिशेबात धरण्याजोगा नाही. वर, ज्यांचं शरीर बारकाईने मोजलं त्यांच्यात उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा काळजी वाटावी इतका मोठा निघाला. मग २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास आला. १३९ लठ्ठ माणसं, पूर्ण एक वर्ष. दोन्ही गटांना मोजून कमी खायला सांगितलं, त्यातल्या एकाला सकाळी ८ ते दुपारी ४ ची मर्यादाही घातली. वर्षअखेर मर्यादावाल्यांचे ८ किलो गेले, नुसतं कमी खाणाऱ्यांचे ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हाही फरक टिकला नाही. पण दोन्ही गट उतरले, हे विसरू नका. काम केलं ते कमी खाण्याने. घड्याळाने कुणाला मदत केली असेल तर ती कमी खायला.

आता कुणी म्हणेल, मग करायचंच कशाला? तर कमी खाणं हीच तर अवघड गोष्ट आहे. ताटातला भात मोजून घेणं, प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणं आपल्याकडे कुणाला जमतं? "आठनंतर काही नाही" हा एकच नियम मात्र लक्षात राहतो. घरातलं कुणी आग्रह करायला लागलं तर सांगायलाही सोपा.

आमच्या गावात लोक खातात कधी ते बघा. सकाळी चहा आणि बटर. दुपारी भात, आमटी, मासे, व्यवस्थित. साडेपाचला पुन्हा चहा, बरोबर खारी नाहीतर फरसाण. सातला नाक्यावर भजी किंवा चायनीजच्या गाडीवर हाफ राइस. मग साडेदहाला मालिका संपल्यावर पुन्हा भाताचा डोंगर, वर कढत सार, आणि लगेच आडवं. पुरुषमंडळींची बैठक असेल तर चखणा वेगळा. यातलं दुपारचं जेवण आरोपी नाही. आरोपी साडेपाच ते साडेअकरा या वेळेत सापडतो. आणि बहुतेक सगळे सोळा-आठवाले कापतात काय, तर सकाळची न्याहारी! कारण रात्रीच्या जेवणाला हात लावायची घरात कुणाची हिंमत नाही.

इथेच मला खरा आक्षेप आहे. वेळेचा स्वतःचा काही फायदा असलाच तर तो लवकर जेवण्यात असावा असं दिसतं. २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे सहा तासांच्या आतच, दुपारी तीनच्या आधी सगळं जेवण संपवायला लावलं. वजन हलू दिलं नाही, तरी त्यांचं इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं आणि रक्तदाब उतरला. आठच माणसं होती, त्यामुळे त्यावर देव्हारा बांधू नये. पण शरीर संध्याकाळपेक्षा सकाळी साखर चांगली हाताळतं हे त्याआधीही माहीत होतं. तेव्हा पेज सोडून रात्री साडेदहाचा भात ठेवणारा माणूस बरोबर उलटं करतो आहे.

लगेच कुणीतरी लिहील की आपले पूर्वज हेच करायचे, त्यांना सगळं ठाऊक होतं. हे मी सासूबाईंना विचारलं. त्या हसल्या. "रॉकेल खंय होता तेवढा जाळूक? काळोख पडाच्या आधी जेवण आटपूचा लागे." बास. शहाणपण वगैरे काही नाही, रॉकेल नव्हतं. शिवाय दिवसभर शेतात नाहीतर सड्यावर राबणं होतं. ते राबणं आणि आपली स्कूटी यांचा मेळ कसा घालणार?

आणि आपला उपास म्हणजे इंटरमिटंट फास्टिंग, हे तर मुळीच म्हणू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा, वर खोबरं, बाजूला केळ्याचे वेफर्स. एकादशीची एक वाटी खिचडी नेहमीच्या न्याहारीला सहज मागे टाकते. श्रद्धेने करा, माझा काही वाद नाही. पण त्याचं वजन उतरण्याशी नातं जोडू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी दुसरी गोष्ट म्हणजे नोबेलची. सोळा तासांनंतर पेशी स्वतःचा कचरा खातात आणि कॅन्सर पळतो, याला म्हणे नोबेल मिळालं. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना ऑटोफॅजी, म्हणजे पेशींनी स्वतःचा कचरा खाणं, कशी चालते ते उलगडल्याबद्दल मिळालं, हे खरं. त्यांनी ते उलगडलं यीस्टमध्ये. सोळाव्या तासाला तुमच्या शरीरात घंटा वाजते असं त्यात कुठेही नाही, आणि ते मोजणारी रक्ततपासणी आपल्या लॅबमध्ये मिळत नाही. उलट्या टोकाची बातमी २०२४ च्या मार्चमध्ये आली: आठ तासांत खाणाऱ्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका ९१ टक्के जास्त. दुसऱ्याच दिवशी दुकानात घाबरलेली माणसं. तो निष्कर्ष अमेरिकेतल्या सुमारे २० हजार लोकांच्या नोंदींवरचा होता, आणि त्यांनी काय कधी खाल्लं ते फक्त दोन दिवसांपुरतं विचारलेलं होतं. आजारी माणूस, एकटा माणूस, भूक मेलेला माणूसही आठ तासांतच खातो. त्यावरून आठ तासांनीच तो मेला असं कसं ठरवणार? तेव्हा नोबेलवाल्यांनीही शांत व्हावं आणि घाबरलेल्यांनीही.

पण खरी भीती कशाची बाळगायची ते सांगते. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, तुम्ही खाल्लं की नाही हे बघत नाहीत. त्या इन्सुलिन सोडायला लावतातच. सकाळी गोळी घेतली आणि "आज दुपारपर्यंत काही नाही" म्हटलं, की साखर सरळ खाली. असे एक काका सकाळी अकराच्या सुमाराला दुकानात आले, औषध घ्यायला म्हणून. बोलता बोलता शब्द अडखळले, शर्ट घामाने ओला, हाताला कापरं, खिशातून पाकीट निघेना. बाकावर बसवून सुई टोचली, मशीनवर ५८. सत्तरच्या खाली गेलं की धोका. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग घरून माणूस बोलावला. त्यांना भाच्याने व्हिडिओ पाठवला होता. गोळी घेत असल्याचं व्हिडिओला काय माहीत! इन्सुलिन घेणारे याच यादीत. नव्या गोळ्यांतल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांवर लांबचा उपास वेगळ्याच कारणाने अंगाशी येतो, रक्तात आम्ल वाढून. तिथे साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही, म्हणून लवकर कळत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि मात्रा बदलून घ्या, मग काय ते करा. स्वतःच गोळी बंद करून उपास करणारेही असतात. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, रक्तदाब माझाच वाढतो.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढीच्या वयातली मुलं, खाण्याचा आधीच धसका घेतलेल्या मुली: यांच्यासाठी हा विषयच नाही.

आणि आता बायकांबद्दल. आमच्याकडे कितीतरी घरांत बाई पहाटे उठते, कोऱ्या पोटी दोन चमचे साखरेचा चहा घेते, डबे, पाणी, धुणी, कधी बाजारात मासळी विकायला बसणं, आणि पहिलं जेवण दुपारी अडीच-तीनला. तेही सगळ्यांचं झाल्यावर, कढईतला तुकडा संपल्यावर, भात आणि सार. ही बाई वर्षानुवर्षं सोळा-आठच करते आहे. उतरलं का वजन? पोट सुटलंय आणि हिमोग्लोबिन नऊवर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. अशा बाईला "न्याहारी सोड" हा सल्ला द्यायला मला लाज वाटेल. तिला मी म्हणेन, सकाळी नऊच्या आत अंडं खा, नाहीतर उसळ खा, आणि माशाचा तुकडा स्वतःला आधी काढून ठेव.

प्रथिनांचा मुद्दा आपल्याकडे म्हणूनच मोठा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण बारीक दिसतो, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त. त्यात जेवणाची एक वेळ गाळली आणि उरलेल्या दोन वेळांना भातच भरला, तर जाणार काय? जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यापाठोपाठ श्रावण. तेव्हा आमच्या ताटातून मासळी जाते आणि तिची जागा बटाटा घेतो. कुळथात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, पण पिठी म्हणजे दोन चमचे पीठ आणि तांब्याभर पाणी. उसळ करा की.

बंदरावरच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, मला गप्प केलं होतं: "वहिनी, आमी पाटे तीनाक होडी काढतंव, मगे सोळा खंय आणि आठ खंय?" त्याचं बरोबर आहे. त्याला सोळा-आठची गरजही नाही, त्याने चहातली साखर आणि संध्याकाळची बाटली कमी केली तरी पुष्कळ.

ज्यांना गोळ्या नाहीत, तब्येत ठीक आहे आणि करायचंच आहे, त्यांना मी सांगते ते साधं आहे. न्याहारी सोडू नका, रात्रीचं जेवण पुढे आणा, साडेसात-आठला. त्यानंतर पाणी. बारा तासांची फट पडली तरी सुरुवातीला खूप झालं, चौदा जमली तर उत्तम. सोळाचा हट्ट कशाला? चहा चालतो का, हे विचारू नका: कोरा बिनसाखरेचा चालतो, दूध-साखरेचा म्हणजे खाणंच. डोकेदुखीची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. गणपतीत पाचव्या दिवसापर्यंत नियम गुंडाळून ठेवा, नाहीतर मोदकांसमोर खोटं बोलावं लागेल.

आणि रोज सकाळी काट्यावर चढणं थांबवा. बेंबीच्या पातळीवर टेप लावून महिन्यातून एकदा मोजा. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांनी ८० च्या आत. श्वास आत ओढून मोजायचं नाही, हे खास पुरुषांसाठी. टेप नसेल तर आमच्या काउंटरवर आहे, मोजून जा, पैसे लागत नाहीत. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.