तपासायला या, पण दहा वाजता या

आमच्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांत, पुन्हा आयएसओ मानांकनाची गडबड सुरू झालीय. ग्रुपवर रोज रंगवलेल्या भिंतींचे फोटो पडतायत. मी अंगणवाडी सेविका. मानांकनाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. त्या निमित्तानं शेजारच्या वाडीतल्या अंगणवाडीत नळ आला, संडासाला दार लागलं. एरवी अर्ज करून करून चपला झिजल्या असत्या. एक ताई म्हणतात, मानांकनाचा बोर्ड लागल्यावर नर्सरीत गेलेली दोन-तीन पोरं परत आली. तेही खरं असेल.

पण तपासतात काय? आयएसओ ९००१ हे कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. कारखान्याला तेच, आम्हालाही तेच. नोंदी, फाइली, ठरल्याप्रमाणे काम होतं की नाही, एवढं बघायचं. देणार बाहेरची एजन्सी, मुदत ३ वर्षं. रंगरंगोटीला लोकवर्गणी मागत सरपंचांपासून किराणा दुकानापर्यंत फिरणार सेविका आणि मदतनीस. मानधनावरच्या बाया!

तक्ते फाटू नयेत म्हणून इतके उंच लावलेत की तीन वर्षांच्या पोराला दिसतात फक्त खालच्या पट्ट्या. खेळणी कपाटात, पिशवीसकट. आमच्याकडं एक पोरगी आईचा पदर सोडत नव्हती. परवा चिंचोके मोजताना शेजारच्याला म्हणाली, "तुझे कमी पडले, हे घे." याला कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नाही.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला पाड्यावर, पोरं होती तिथंच अंगणात शिकवलं. साहित्य काय, तर बिया, पानं, शंख-शिंपले. आजच्या चेकलिस्टमध्ये त्या नापासच झाल्या असत्या बहुतेक.

अंगणवाडी ज्यातून चालते त्या एकात्मिक बालविकास योजनेत १९७५ पासून सहा सेवा आहेत, पूर्वशालेय शिक्षण त्यातली एक. बाकी वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी आहेतच. वर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, देताना आईचा चेहरा फोनमध्ये जुळवायचा, रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तोवर पोरं काय करतात, विचारू नका.

म्हणून तपासणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. न कळवता दहाला या. खुर्ची नको, सतरंजीवर बसा, पोरं घरी जाईपर्यंत. बाई पोरांशी किती वेळ बोलते आणि फोनशी किती, ते लिहा. पोरांशी बोलणं कमी पडलं तर शेरा मारा खुशाल. फक्त मदतनिसाचं पद रिकामं असेल तर तेही त्याच कागदावर लिहा, आणि त्यापायी सेविकेचे गुण कापू नका.