खुलासा : प्रत्येक कारखान्याला मूल ‘स्पॉन्सर’ करण्याची सक्ती नाही

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : सीएसआर म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाखाली प्रत्येक कारखान्याने गरीब देशातल्या एका मुलाचा खर्च उचलणे बंधनकारक, आणि दिलेली रक्कम करातून पूर्ण वजा. दोन्ही दावे खोटे आहेत.

सीएसआर कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ मध्ये येतो आणि फक्त कंपन्यांना लागू होतो. तोही नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर. गाळ्यात दोन लेथ टाकून जॉबवर्क करणाऱ्या प्रोप्रायटरचा, म्हणजे कंपनी न काढता एकट्याच्या मालकीचा धंदा करणाऱ्याचा, याच्याशी काय संबंध? आणि ज्यांना लागू आहे, त्यांनी केनियातल्या मुलावर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरलाच जात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या मुलांच्या शिक्षणावरचा धरतात.

करसवलतीचं म्हणाल, तर सीएसआरचा खर्च व्यवसायखर्च म्हणून वजा होत नाही. प्रोप्रायटरने स्वखुशीने देणगी दिली, तर मान्यताप्राप्त संस्थेची पावती आणि जुनी करप्रणाली हवी. सवलत बहुधा निम्म्या रकमेवर, तीही उत्पन्नातून, करातून नव्हे. रोखीने २,००० रुपयांच्या वर दिलेत की तीही गेली.

मदत जरूर करा, पण संस्थेची नोंदणी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आधी तपासा.