फौजेची वर्षे, पेन्शनची वर्षे आणि हयातीचा दाखला

अग्निवीराला चार वर्षांनी घरी पाठवायचे की नाही, हा वाद धुळे-जळगावकडे अजून निवलेला नाही. दुसरीकडे नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रांवर माजी सैनिकांची गर्दी होते आणि ‘जिभाऊंना या वयात मोबाईल कुठे जमणार?’ असे म्हणून पोरे मोकळी होतात. अमेरिकेतून पाहिले की हे दोन्ही प्रश्न एकाच धाग्यातले दिसतात. नोकरी किती वर्षांची यावर आपण तावातावाने भांडतो. त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही.

जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षे सेवा लागते. एकोणिसाव्या वर्षी भरती होऊन सतरा वर्षांनी सुटलेला माणूस छत्तिशीत चोपड्याला किंवा साक्रीला परततो. तो शहात्तर वर्षांचा झाला, तर पेन्शनची वर्षे चाळीस. एवढ्या काळात कागदी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) गेला, बँकेची खिडकी गेली, आता संरक्षण खात्याचे पेन्शनसाठीचे ऑनलाइन स्पर्श पोर्टल आले. माणूस तोच, व्यवस्था तिसरी.

‘अमेरिकेतही चार वर्षांत सुटणाऱ्याला पेन्शन नसते’ असे अग्निपथचे समर्थक सांगतात. खरे आहे, पण अर्धेच. तिथे पेन्शनला साधारण २० वर्षे लागतात आणि बहुतेक सैनिक त्याआधीच बाहेर पडतात. पण २०१८ पासून भरती झालेल्यांच्या निवृत्ती खात्यात सरकार पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत भर घालते आणि दोन वर्षे सेवा झाली की तो पैसा सैनिकाचा. ३६ महिने सेवा झाली तर ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा पूर्ण लाभ मिळतो. सुटण्याच्या किमान वर्षभर आधी पुढच्या नोकरीची तयारी सुरू करावी लागते. आपल्याकडे अग्निवीराला सुटताना एकरकमी मिळणारा सेवानिधी सुमारे ११.७१ लाख, त्यातला निम्मा वाटा पोराच्याच पगारातून कापलेला. एक पिकअप घेतली की बहुतेक संपला. २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. माझा आक्षेप चार वर्षांवर नाही, पाचव्या वर्षाच्या रिकामेपणावर आहे.

आता मोबाईलचे. अमेरिकेत ६५ पुढच्यांपैकी २००० साली सुमारे १४ टक्के लोक इंटरनेट वापरत. २०२१ मध्ये ७५ टक्के. वय तेच, आकडा पाचपट. क्रिएट या संशोधन गटाच्या २००६ च्या अभ्यासात वयाबरोबरच यंत्राची धास्ती आणि ‘मला जमेल’ हा भरवसाही महत्त्वाचा ठरला. वायरलेस सेट चालवलेल्या सुभेदाराला ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणत हातातून फोन काढून घेणे, हे त्या भरवशाचे नुकसानच.

आणि दाखला अडतो तो बहुतेकदा वयामुळे नाहीच. शेतीकामाने झिजलेले बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. त्यासाठीच २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आहे. अँड्रॉइड फोन, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, आधी ‘आधार फेस आरडी’ आणि मग ‘जीवन प्रमाण’ अॅप. पहिला चेहरा ऑपरेटरचा, म्हणजे मुलाचा किंवा सुनेचा. ही नोंद एकदाच होते. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, मोबाईल, ओटीपी, पेन्शनचा तपशील आणि शेवटी त्याचा चेहरा. टोपी काढा, चष्म्यावर चमक नको, उजेड समोरून हवा आणि सांगितले की डोळे मिचकावायचे. ओसरीत दाराकडे पाठ करून बसवले की चेहरा काळा येतो आणि दोष म्हाताऱ्याला.

खरा घोळ तपशिलात होतो. लष्कराच्या पेन्शनरने अॅपमध्ये पेन्शन मंजूर करणारी संस्था ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि पेन्शन देणारी ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायची. हवाईदल आणि नौदलाची मंजुरी देणारी संस्था वेगळी असते. सवयीने जुनी बँक निवडली किंवा बँकेच्या काळातला पीपीओ क्रमांक टाकला, तर दाखला तयार होतो पण स्पर्शकडे नीट पोचत नाही. वीरपत्नीच्या बाबतीत पेन्शनचा प्रकार म्हणून ‘सर्व्हिस’ निवडले जाते, हवे असते ‘फॅमिली’. ही चूक तर रांगेतल्या घाईत फार होते.

इथे अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने दूरच्या व्हेटरनना इंटरनेटसह टॅब्लेट उसने दिले, आणि काही ठिकाणी सैनिकांच्या संघटनांच्या हॉलमध्येच व्हिडिओवरून डॉक्टर भेटण्याची खोली केली. ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसांत. शहादा, धडगाव, पारोळ्याला एवढा खर्च नको. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेने नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून दोन दिवस एक फोन, एक खिडकी आणि एक जाणता माणूस ठेवला तरी रांग मोडेल. चार वर्षांनी परतलेली पोरे हे काम उत्तम करतील. मात्र त्यांना दाखल्यामागे मेहनताना द्या, सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवू नका.

फोन पेन्शनरच्याच हातात ठेवा, बोटही त्याचेच चालू द्या. ओटीपी फोनवरून मागणाऱ्याला देऊ नये, हे त्याच बैठकीत सांगा. आणि प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज आला म्हणून घरी पाठवून विसरू नका: मेसेज म्हणजे दाखला निघाला एवढेच. तो मान्य झाला की फेटाळला, हे आठवड्याभराने पुन्हा तपासायचे. फेटाळला असेल तर चूक सुधारून नवा काढायचा, पुढचे पेन्शन थांबायच्या आत.