पुस्तिकेची कल्पना खूप आवडली

मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय मुलांनी वर्गातच प्रोजेक्ट म्हणून पुण्यात नव्याने येणाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका केली हे वाचून फार बरं वाटलं. मी स्वतः आमच्या सोसायटीत दर रविवारी पाच-सहा जणांना मराठी शिकवते, त्यामुळे पटलंच एकदम. नवख्या माणसाला शनिवारवाडा कुणीही दाखवतं हो, पण शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला गेला हे नाही सांगत कुणी, आणि तो बिचारा बॅगा घेऊन जुन्या जागी उभा. किंवा शनिवार, बुधवार, शुक्रवार हे वार नाहीत पेठा आहेत, आणि जुन्या पेठांतली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात!

माझ्याकडे मराठी शिकायला केरळची एक नर्स येते, तिला कुणीतरी "पावणेदोनला या" म्हणालं तर ती दोन वाजून गेल्यावर पोचली, कारण पावणे म्हणजे पाव कमी हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही वहीत पावणे, सव्वा, साडे, दीड, अडीच असं घड्याळ काढून लिहिलं, शेजारी १ ते १० मराठी आकडे, बसची पाटी वाचता यावी म्हणून. ते पान तिने फोटो काढून हॉस्टेलच्या सगळ्या मुलींना पाठवलं.

तुमच्या पुस्तिकेत असं एक पान नक्की घाला, आणि ते मुलांनाच लिहू दे, आपण फक्त शुद्धलेखन बघायचं. त्यांना काय अडलं ते आपल्याला सुचतच नाही ना.