वळते केलेले आठ लाख

गाझाचं युद्ध सुरू झाल्यापासून मराठी वाहिन्यांवरच्या चर्चा मी लंडनमध्ये बसून यूट्यूबवर बघतो. कोणतीही लावा, अर्ध्या तासात ती एका ठरलेल्या जागी येते. एक पाहुणा १९४८ साली बेघर झालेल्या पॅलेस्टिनींचा आकडा सांगतो, सात लाखांच्या आसपास. लगेच दुसरा विचारतो, ‘‘मग अरब देशांतून हाकललेल्या आठ लाख ज्यूंचं काय?’’ सूत्रसंचालक ‘चांगला मुद्दा’ म्हणून ब्रेक घेतो. ब्रेकनंतर गाडी भारताच्या परराष्ट्र धोरणावर गेलेली असते. ते आठ लाख कुठून, कधी, कोणत्या कायद्याने गेले, हे कुणी विचारत नाही. समोरच्याला गप्प करण्यापुरतंच त्यांना बोलावलेलं असतं.

इकडे येण्याआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. ती खोड जात नाही. आकडा दिसला की हात आधी लाल पेनाकडे जातो. हा आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. मोरोक्कोपासून येमेन-इराकपर्यंत १९४८ च्या सुमारास आठ लाखांहून अधिक ज्यू राहत होते आणि आज सगळे मिळून काही हजार उरलेत, तेही मुख्यतः मोरोक्को आणि ट्युनिशियात. बगदाद, कैरो, अलेप्पो इथल्या वस्त्या जवळपास पुसल्या गेल्या. एवढी मोठी गोष्ट फक्त दुसऱ्या कुणाच्या दुःखाला उत्तर म्हणून छापून यावी, हे मला बातमीदारीच्या नीतीत बसत नाही.

एकट्या इराकचं बघा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बगदादच्या लोकसंख्येत ज्यू एक तृतीयांशाहून कमी नव्हते. नव्या इराकचा पहिला अर्थमंत्री सासून एस्केल हा ज्यू. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिथे इराकने पाठवलेले वादक जवळपास सगळे ज्यू होते. सालेह आणि दाऊद अल-कुवेती या भावांच्या चाली बगदाद रेडिओवर घराघरांत पोचल्या होत्या. पुढे ते इस्राएलला गेले. नंतर इराकमध्ये सत्तेवर आलेल्या बाथ पक्षाच्या काळात त्यांची नावं रेडिओवरून गेली आणि त्यांच्या चाली ‘पारंपरिक’ म्हणून वाजत राहिल्या. आपल्याकडे एखाद्या नाट्यगीताच्या निवेदनात संगीतकाराचं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी संपादकांना चार पत्रं येतात. तिथे नाव काढणं हेच सरकारी धोरण होतं.

त्याआधी १ आणि २ जून १९४१ ला बगदादमध्ये फरहूद झालं, म्हणजे ज्यूंविरुद्धची दंगल. जर्मनीधार्जिणं रशीद अलीचं सरकार कोसळलं होतं, नवं बसायचं होतं, ब्रिटिश फौज शहराबाहेर थांबून होती. त्या दोन दिवसांत सुमारे १८० ज्यू मारले गेले, दुकानं-घरं लुटली गेली. अनेकांना मुसलमान शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात यायला हवीत. चर्चेत मात्र एक बाजू पहिलं वाक्य घेते, दुसरी दुसरं.

मार्च १९५० मध्ये इराकने कायदा केला: ज्यांना जायचंय त्यांनी नागरिकत्व सोडावं, मग परत येता येणार नाही. लोकांनी नावं नोंदवली. वर्षभराने, मार्च १९५१ मध्ये, नावं नोंदवलेल्यांची मालमत्ता गोठवणारा दुसरा कायदा आला. दुकान विकून चार पैसे बरोबर नेऊ म्हणणाऱ्यांच्या हातात माणशी ५० दिनार आणि एक पेटी राहिली. सव्वा लाखाच्या आसपास माणसं अशी विमानांनी इस्राएलला गेली.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तारीख, जी चर्चेत कधीच येत नाही: १९ मार्च १९५१. इस्राएलचे परराष्ट्रमंत्री मोशे शारेट यांनी त्या दिवशी संसदेत जाहीर केलं की पॅलेस्टिनींना भरपाई द्यायची वेळ येईल तेव्हा इराकने गोठवलेल्या ज्यू मालमत्तेची किंमत हिशोबात धरली जाईल. आपल्या व्यापारी भाषेत, वळतं करून घेतलं. बगदादच्या कापडवाल्याचं दुकान हैफाच्या पॅलेस्टिनी शिंप्याच्या घरापोटी वळतं. कापडवाल्याला विचारलं नाही, शिंप्यालाही नाही, आणि दोघांच्याही हातात काही पडलं नाही. सरकारं असले हिशोब मांडतात, त्यात नवल नाही. आज पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत तीच खातेवही उघडली जाते आणि तिला संतुलित चर्चा म्हणतात, ही माझी तक्रार आहे. कॅलेंडरसुद्धा त्याच वहीत बसवलंय. संयुक्त राष्ट्रांचा पॅलेस्टिनी जनतेबरोबरच्या एकजुटीचा दिवस २९ नोव्हेंबर. इस्राएलने २०१४ साली अरब देश आणि इराणमधून आलेल्या ज्यूंसाठी स्मरणदिन ठरवला, तो ३० नोव्हेंबर.

उत्तर-पश्चिम लंडनमध्ये आमच्या भागात बगदादहून आलेल्या एक बाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे. १९६७ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर घरचा फोन तोडला, वडिलांची नोकरी गेली. जानेवारी १९६९ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून ज्यांना फाशी दिली त्यांत नऊ ज्यू होते. प्रेतं बगदादच्या मुख्य चौकात टांगली आणि लोकांनी ती बघायला यावं म्हणून रेडिओवरून आवाहन झालं. त्या तेव्हा शाळेत होत्या. दीड-दोन वर्षांनी कुर्दांच्या मदतीने रात्री डोंगर ओलांडून इराण आणि मग इकडे. त्या मला म्हणाल्या, ‘‘माझी गोष्ट ऐकायला येणारा प्रत्येक पत्रकार आधी कुणाच्या विरोधात वापरायची ते ठरवून येतो.’’ गंमत म्हणजे स्वतःला निर्वासित म्हणवून घ्यायला त्या लगेच तयार होतात, पण बगदादमध्येच जन्मलेले इस्राएली खासदार रान कोहेन यांनी ‘मी निर्वासित नाही, झायनवादाच्या हाकेने आलो’, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं या चळवळीच्या हाकेने आलो, असं ठणकावून सांगितलं होतं. एकाच शहरातली दोन माणसं. चर्चेतल्या आठ लाखांना असं वेगवेगळं बोलायची मुभा नसते.

दुसऱ्या बाजूचा आळस काही कमी नाही. ‘सगळे सुखाने राहत होते, झायनवादी हस्तकांनी बॉम्ब टाकून पळवून लावलं’ हे विधान मराठी लेखांत मी कितीदा वाचलंय. बगदादमध्ये १९५०-५१ साली ज्यू ठिकाणांवर बॉम्ब पडले हे खरं. जानेवारी १९५१ मध्ये मसूदा शेमतोव सिनेगॉगजवळ (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाजवळ) माणसं मेली. इराकने दोन ज्यूंना दोषी ठरवून फाशी दिली. कोणी केलं यावर वाद अजून मिटलेला नाही. बगदादमध्ये जन्मलेले ऑक्सफर्डचे इतिहासकार आवी श्लाइम यांनी २०२३ मधल्या आठवणींत त्यांतल्या काही स्फोटांमागे झायनवादी भूमिगत गट असल्याचा दावा केला. मोशे गाट यांच्यासारखे इतिहासकार ते मानत नाहीत. मोठ्या स्फोटाच्या आधीच बहुतेकांनी नावं नोंदवली होती, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी बगदादमध्ये ज्यूंच्या स्थलांतराचं काम बघणारे मोर्देखाय बेन-पोरात यांच्यावर इस्राएलमध्येच एका पत्रकाराने हा आरोप छापला. त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि प्रकरण कोर्टाबाहेर पत्रकाराच्या माफीने मिटलं. त्या माफीने बॉम्ब कुणी टाकले हे सिद्ध होत नाही, पण छापणाऱ्याकडे काय हवं आणि काय नव्हतं, हे कळतं. ‘इतिहासकारांत मतभेद आहेत’ एवढी एक ओळ टाकायला किती जागा लागते? सिंगल कॉलममध्येसुद्धा बसते.

बरं, इराक म्हणजे सगळे अरब देश नव्हेत. अल्जीरियातले बहुतेक ज्यू १८७० पासून फ्रेंच नागरिक होते आणि १९६२ साली वसाहत संपली तेव्हा बहुतांश फ्रान्सला गेले, इस्राएलला नव्हे. मोरोक्कोने आधी जाण्यावर बंदी घातली, मग १९६१ पासून दरडोई पैसे घेऊन गुपचूप सोडलं. इजिप्तने १९५६ च्या सुएझ युद्धानंतर हजारोंना बाहेर काढलं. त्याच्या दोनच वर्षं आधी इस्राएली लष्करी गुप्तचरांनी तिथल्या काही ज्यू तरुणांना हाताशी धरून कैरो आणि अलेक्झांड्रियात बॉम्ब ठेवायला लावले होते आणि सगळ्या समाजावर संशय ओढवून घेतला होता. आजच्या येमेनमधल्या एडन बंदरात डिसेंबर १९४७ च्या दंगलीत ८० च्या आसपास ज्यू मेले, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. हे एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे तिथल्या फायली मुंबईतून फिरत होत्या. मराठीत त्यावर एक बरा लेख वाचायला मिळाला तर मला कळवा.

इथली पत्रकारिता धुतल्या तांदळासारखी आहे असा गैरसमज नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीला गाझावरचा एक माहितीपट काढून घ्यावा लागला, कारण त्यात निवेदन करणारा मुलगा हमास सरकारातल्या उपमंत्र्याचा होता आणि प्रेक्षकांना ते सांगितलं नव्हतं. नियामक संस्थेने पुढे त्याला दिशाभूल ठरवलं. पण चूक झाली की ती कुणाकडे मांडायची, हे इथल्या साध्या वाचकालाही ठाऊक असतं. ‘गार्डियन’ने १९९७ सालीच वाचकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र संपादक नेमला. दुरुस्त्यांचं सदर रोज येतं आणि लोक ते चवीने वाचतात. आपल्याकडे ‘द हिंदू’ने २००६ मध्ये तशी नेमणूक केली, मराठीत ती प्रथा रुजली नाही. प्रेस कौन्सिल ताशेरे ओढण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही, आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. रात्री नऊच्या चर्चेत चुकीचं सांगितलेलं दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालंय, असं कुणी कधी पाहिलंय का?

घरच्या एका वादाशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं. ‘पंडितांचं काय?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलाय. १९९० साली काश्मीर सोडावं लागलेल्या पंडितांची गोष्ट एका गटाने फक्त उत्तर म्हणून वापरली, तर दुसऱ्याने ‘त्याचा फायदा त्यांना होईल’ या भीतीने टाळली. पुण्या-मुंबईत पंडित कुटुंबं आहेत; सण, वर्धापनदिन, निवडणूक सोडून त्यांच्याकडे कोण जातं? माझे डावे मित्र यावर चिडतील, उजवे खूश होतील, आणि पुढचं वाचून उलट होईल.

कारण ‘आठ लाख’ म्हणणारे जिथे थांबतात तिथून पुढची गोष्टही आहे. इस्राएलमध्ये उतरल्यावर अंगावर डीडीटीची फवारणी झाली, वर्षानुवर्षं तंबू आणि पत्र्याच्या छावण्या नशिबी आल्या, कारकून आणि वकील राहिलेल्यांना खोदकामाची कामं मिळाली. १९५९ साली हैफाच्या वादी सालिबमध्ये मोरोक्कन ज्यूंचा उद्रेक झाला. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या पोरांनी स्वतःला ब्लॅक पँथर म्हणायला सुरुवात केली, आणि पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी त्यांना ‘चांगली मुलं नाहीत’ म्हणून झटकलं. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोघांनी नाव अमेरिकेतल्या एकाच संघटनेवरून घेतलं. नामदेव ढसाळांच्या शहरातल्या पत्रकारांना हा धागा दिसू नये?

आणि मुंबई-पुण्याला हा विषय परका तरी कसा? बगदादचा सुभेदार दाऊद पाशा याच्या छळाला कंटाळून बगदाद सोडलेले डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले आणि १८६४ साली पुण्यात वारले. तिथल्या लाल देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, त्यांची कबर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईत बगदादी ज्यूंचं हिब्रू लिपीतलं अरबी नियतकालिक निघत होतं. त्या विषयावरची पत्रकारिता आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे, फक्त ती त्यांची होती.

‘भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही’ हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण कोकणातून, ठाण्यातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलींची, म्हणजे आपल्या मराठीभाषक ज्यूंची, पुढची हकीकत कुणी लिहिली? त्यांच्यातल्या शंभराहून अधिक जणांनी भेदभावाला वैतागून तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि १९५२ साली भारतात परतले. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने लग्नासाठी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. दोन वर्षं आंदोलन करून त्यांनी तो निर्णय फिरवायला लावला. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद इथे आज त्यांची ऐंशी-पंचाऐंशीची पिढी आहे. छावण्यांत त्यांचे शेजारी इराकचे, मोरोक्कोचे, येमेनचे होते. कोण कशाला घाबरून आलं, कोण आशेने आलं, कोण परत जायला तळमळत होतं, हे त्यांनी एकाच नळाच्या रांगेत ऐकलेलं आहे. चॅनेलच्या चर्चेत चार तज्ज्ञ बसवण्याऐवजी एका बातमीदाराने त्यांना फोन लावावा. दुभाषा लागणार नाही. त्या आज्या अजून अलिबागकडचं मराठी बोलतात.